रकान्याचा प्रकार : रूप, वर्ग आणि संकेत

शास्त्रीय सामग्री साठविणाऱ्या संगणकीय लायब्ररींमध्ये एचडीएफ५ हिचे स्थान मोठे आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात ती तयार झाली व १९९८ साली प्रसिद्ध झाली. हवामानशास्त्रात रूढ असलेल्या नेटसीडीएफ-४ या पद्धतीचा पायाही तीच आहे. भाषाविज्ञानातील ध्वनिमापनाची सामग्री आता याच साच्यात ठेवता येते. म्हणून एखाद्या रकान्यात कोणत्या प्रकारची सामग्री आहे हे ही लायब्ररी कसे सांगते, याची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकानेही करणे अगत्याचे ठरते.

प्रश्न मूलतः व्याकरणाचा आहे. मराठीत ‘वेळ’ हा शब्द एकाकी पाहिला तर त्याचे लिंग सांगता येत नाही. ‘बराच वेळ गेला’ येथे तो पुल्लिंगी आहे, ‘ती वेळ आली’ येथे स्त्रीलिंगी; आणि लिंगाबरोबर अर्थही पालटतो. संगणकातील चार बाइटांची स्थिती अशीच असते. जो बिटक्रम दशांश-संख्या म्हणून वाचला असता १ होतो, तोच पूर्णांक म्हणून वाचला तर १,०६,५३,५३,२१६ होतो. निव्वळ रूपावरून प्रकार ठरत नाही. एचडीएफ५चा मोठा गुण असा की, प्रत्येक सामग्रीसंचाबरोबर तिच्या प्रकाराचे वर्णन फाइलीतच नोंदलेले असते. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला तर्क करावा लागत नाही. त्याने विचारावे व लायब्ररीने उत्तर द्यावे, अशी व्यवस्था आहे.

परंतु ‘विचारावे’ म्हणजे नेमके काय विचारावे, येथे गोंधळ होतो. अनेक जण फाइलीतील प्रकाराची तुलना आपल्या यंत्राच्या पूर्णांकाशी करतात. फाइल उलट बाइटक्रमाच्या यंत्रावर लिहिलेली असेल, तर दोन्हीकडे चार बाइटांचे पूर्णांक असूनही तुलना ‘असमान’ असे उत्तर देते. उत्तर खरे आहे. प्रश्न चुकीचा आहे. प्रथम वर्ग विचारावा — पूर्णांक, दशांश-संख्या, मजकूर, संयुक्त इत्यादी — आणि मग आकार, चिन्ह व बाइटक्रम हे विशेष विचारावेत. वाचनासाठी यंत्राला सोयीचा समतुल्य प्रकारही लायब्ररीकडून मागून घेता येतो. संयुक्त प्रकारात प्रत्येक घटकाची अशीच स्वतंत्र चौकशी करावी लागते.

येथवर रचना निर्दोष आहे. दोष दिसतो तो वर्गांच्या यादीत. सत्य-असत्य या मूल्यांना तीत स्वतंत्र वर्ग नाही. परिणामी पायथॉन भाषेतील एचफाइव्हपाय ती मूल्ये नावे दिलेल्या पूर्णांकांच्या वर्गात ठेवते, तर पायटेबल्स ती बिटसमूहाच्या वर्गात ठेवते. अर्थ एक, वर्ग दोन. याउलट काळासाठी वर्गाचे नाव यादीत आहे, पण तो पुरता अमलात आलेला नाही आणि त्याचा वापर समर्थित नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रणाची तारीख कोणी मजकूर म्हणून लिहितो, कोणी सेकंदांची संख्या म्हणून. आणि ही संख्या कोणत्या आरंभबिंदूपासून मोजली, हे लायब्ररी सांगू शकत नाही.

मजकुराच्या बाबतीत हानी अधिक जवळची आहे. ठरावीक लांबीच्या रकान्याची लांबी बाइटांत मोजली जाते, आणि यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ हा शब्द काना व वेलांटी धरून पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइटांचा आहे. आठ बाइटांच्या रकान्यात त्याची दोन चिन्हे पुरती मावतात व तिसऱ्याचा केवळ तुकडा उरतो. वर्ग विचारला तर उत्तर मात्र ‘मजकूर’ असेच येते. बोलीच्या नोंदीत अंत्य स्वर हाच पुरावा असेल, तर तो पुरावा मुकाट्याने नष्ट झालेला असतो.

तात्पर्य, लायब्ररीने दिलेला प्रकार हा शब्दाच्या व्याकरणिक वर्गासारखा आहे. तो आवश्यक आहे, पण त्यावरून अर्थ कळला असे मानणे सदोष होय. अर्थ संकेताने ठरतो, आणि संकेत लिहिणाऱ्यानेच नोंदवावयाचा असतो. त्याची सोय एचडीएफ५मध्ये आहे. प्रत्येक सामग्रीसंचाला गुणधर्म जोडता येतात. एकक, कालगणनेचा आरंभ, सत्य-असत्याची खूण या गोष्टी त्यांत लिहिल्या जाव्यात. प्रबंधासोबत सामग्री सादर करणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे केले नाही, तर वीस वर्षांनी तिच्याकडे वळणाऱ्या अभ्यासकाला संख्या मिळतील, पण त्या कशाच्या, हे कळणार नाही. परीक्षकांनी यापुढे प्रबंधाच्या परिशिष्टाइतक्याच काटेकोरपणे या नोंदी तपासाव्यात, असे सुचवावेसे वाटते.