‘बनगरवाडी’तील ओस शाळा

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर राजाराम सौंदणीकर हा तरुण शिक्षक येतो आणि अखेरीस दुष्काळाने ओस पडलेली ती वाडी सोडून जातो, एवढेच तिचे स्थूल कथानक. संयत व निरलंकृत ग्रामचित्रण म्हणून तिचा गौरव झाला, तो यथार्थच होय. परंतु शाळेत मुले का टिकत नाहीत, या सामाजिक प्रश्नाची तीतील मांडणी अधिक विचारास पात्र आहे.

या प्रश्नाला अज्ञान अथवा अनास्था हे उत्तर सहज दिले जाते. कादंबरीत ते जीवनरीतीत सापडते. शाळा ही स्थिर वस्तीसाठी कल्पिलेली संस्था. मेंढपाळाचे जीवन चाऱ्यापाण्यामागून चालणारे. मेंढरांमागे जाणारे पोर अक्षरांस मुकते हे खरे. पण त्याच वेळी ते आपल्या कुळाचा व्यवसाय शिकत असते.

तालमीचा प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. शाळा वरून आलेली; तालीम मात्र मास्तराच्या प्रेरणेने वाडीने स्वतःच्या श्रमाने उभारलेली. लोकांच्या अभिमानाचा आधार मिळाला की संस्था रुजते, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. कादंबरीचा शेवट तो टिकू देत नाही. दुष्काळ पडताच शाळेप्रमाणे तालीमही ओस पडते. संस्कृती माणसांना एकत्र आणते; पाण्याची उणीव ती भरून काढू शकत नाही.

सांस्कृतिक दृष्टीची मर्यादा येथेच स्पष्ट होते. चाऱ्यासाठीची नित्याची भटकंती आणि दुष्काळाने लादलेले देशांतर यांत भेद न केल्यास विपत्तीलाच परंपरेचे नाव मिळते आणि शासनाचे उत्तरदायित्व नाहीसे होते. शिवाय निवेदक मास्तर मागे राहतो. कळपांबरोबर गेलेल्यांचे पुढे काय होते, हे त्याला दिसत नाही. वाचकाला जाणवणारी रिक्तता ही अखेर शाळेच्या ओट्यावरून पाहिलेली रिक्तता आहे. कादंबरीच्या कलात्मक एकात्मतेला ती पोषक असली, तरी प्रश्नाचा अर्धा भाग तिच्या कक्षेबाहेरच राहतो.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला. तरी ऊसतोडणीसाठी कुटुंबासह गाव सोडणाऱ्या मुलांचा प्रश्न उरलाच आहे. ‘बनगरवाडी’ त्याचे उत्तर देत नाही. पटावरील अनुपस्थितीमागे एक चालती वाट असते, एवढे भान मात्र ती देते.