स्थिर म्हणजे किती वेळ स्थिर?

आज समीक्षेला घेतलंय ते पुस्तक नाही, नाटकही नाही. प्रोसेसर ओव्हरक्लॉक कसा करावा हे सांगणारे जे लेख आणि व्हिडिओ पंचवीसएक वर्षं निघतायत, तो सगळा प्रकारच आज समोर ठेवू. आम्ही ते आवडीने बघतो, हे आधीच कबूल करतो. पण त्यातला एक शब्द आम्हाला खटकतो : ‘स्टेबल’.

हा प्रकार बहरला तो 1998 च्या सेलेरॉन 300ए च्या काळात. त्या प्रोसेसरचा गुणक 4.5 वर बांधलेला होता. मदरबोर्डवरची बस 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेली, की 300 चा प्रोसेसर थेट 450 वर धावायचा, आणि बऱ्याचदा साध्या कूलरवर! दीडपट वेग जवळजवळ फुकटात. त्या काळच्या लेखांतला उत्साह खरा होता. आज कंपन्या कारखान्यातूनच प्रोसेसर त्याच्या कुवतीच्या काठाशी आणून विकतात. उरते ती चार-पाच टक्क्यांची वाढ. लेखांची भाषा मात्र अजून 1998 चीच आहे.

आता उष्णतेकडे या. चिपची वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, 4.0 चा वेग 4.8 गिगाहर्ट्झ केला आणि त्यासाठी व्होल्टेज 1.20 वरून 1.35 केलं. वेग वाढला 20 टक्के. उष्णता वाढली सुमारे 52 टक्के. हा गुणाकार किती लेखांत करून दाखवलेला असतो? आम्हाला तरी क्वचितच दिसला. त्यांचं लक्ष कूलर केवढा मोठा आहे यावर.

आणि कूलर कितीही मोठा असला तरी उष्णता त्याच्यापर्यंत पोचायला हवी ना. 2012 ची आयव्ही ब्रिज पिढी आठवा. सँडी ब्रिजपेक्षा तिला वीज कमी लागायची, तरी ओव्हरक्लॉक केल्यावर ती जास्त तापायची. चिप लहान झाली होती, म्हणजे तीच उष्णता कमी जागेतून बाहेर पडायची. शिवाय चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये डाख जाऊन पेस्ट आली होती. लोकांनी ब्लेडने झाकणं उचकटून पेस्ट बदलली आणि तापमान खरोखर उतरलं. इथे या लेखकांना आम्ही पूर्ण गुण देतो. कंपनीने न बोललेली गोष्ट त्यांनी उघडी पाडली.

गुण कापतो ते खोलीच्या तापमानाला. परीक्षण 22 अंशांच्या खोलीत होतं, आणि प्रोसेसर 77 अंशांवर राहिला असं लिहिलं जातं. तोच कूलर मे महिन्यात नागपुरात, 42 अंशांच्या खोलीत ठेवा. फरक तेवढाच धरला तरी 97 होतात, आणि तापलेल्या चिपमधून वीज झिरपते ती वेगळीच. शंभरच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे वेग वाढवायला गेलो आणि होता तोही गमावला.

आता मूळ शब्दाकडे. ‘तासभर प्राइम95 चालवलं, स्टेबल आहे’ हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. चाचणी चांगलीच आहे, ती मोठी गणितं करून चुका पकडते. पण ती पूर्ण आणि सलग भाराची. घरातलं यंत्र तसं चालत नाही. ते सारखं झोपतं, दचकून उठतं. भार अचानक आला की व्होल्टेज खचतं. ते खचू नये म्हणून बायोसमध्ये लोड-लाइन कडक केली, तर भार जाताना व्होल्टेज उसळतं. कित्येक यंत्रं तासभराच्या चाचणीत पास होतात आणि निवांत ब्राउझर उघडताना निळा पडदा दाखवतात, ती यामुळे.

निळा पडदा तरी प्रामाणिक म्हणायचा. आमच्या यंत्राने तोही दाखवला नाही. या मालिकेची ध्वनिमुद्रणं आम्ही त्याच यंत्रावर दाबून झिप करायचो. सगळं सुरळीत. काही महिन्यांनी फाइली उघडायला गेलो तर तीन उघडेनात; चेकसम जुळेना. तेव्हा आम्हीही अभिमानाने ‘स्टेबल’ म्हणत होतो, बरं का!

हा दोष फक्त हौशी लोकांचा नाही. 2024 मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर हाताने काहीही न बदलता अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण झिजलेली चिप दुरुस्तीने पूर्ववत होत नाही. ज्या परीक्षणांनी हे प्रोसेसर पहिल्या आठवड्यात मोजले, त्यांचे आकडे चुकीचे नव्हते. पण झीज आठवड्यात दिसत नाही, आणि त्या परीक्षणांकडे परत कोण जातं?

आमची मागणी छोटी आहे. खोलीचं तापमान छापा, भाराखालचं व्होल्टेज छापा, आणि सहा महिन्यांनी त्याच यंत्राबद्दल पुन्हा दोन ओळी लिहा.

आमचं यंत्र आता कारखान्याच्या वेगावर आहे. ती तीन व्याख्यानं मात्र गेली. कुणी सभागृहात मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं असेल, तर निघण्यापूर्वी जरूर भेटा.