विशेषणाचा अधिकार

विशेषण हे शैलीचे आभूषण होय, ही समजूत मराठीच्या अध्यापनात चांगलीच रुजलेली आहे. वर्णन फिके वाटले की विशेषणे वाढवावीत, ती अधिक गडद निवडावीत, हा सल्ला तिच्यातूनच येतो. या सल्ल्यात विशेषण म्हणजे नामाला बाहेरून जोडायचा ऐवज ठरतो; अर्थनिर्मितीतील त्याचे कार्य दुर्लक्षित राहते.

संस्कृत काव्यशास्त्राने हा प्रश्न अधिक काटेकोरपणे हाताळला होता. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीविता’त विशेषणवक्रता हा वक्रतेचा एक प्रकार मानला व विशेषणामुळे क्रियेचे किंवा कारकाचे सौंदर्य कसे खुलते, हे दाखविले. क्षेमेंद्राने औचित्याच्या स्थानांत विशेषणाची गणना केली. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त साभिप्राय विशेषणांच्या योजनेला ‘परिकर’ हा अलंकार मानले. पण जे गाळले तरी विवक्षित अर्थाला बाध येत नाही, त्याला ‘अपुष्ट’ हा अर्थदोष म्हटले. म्हणजे विशेषण अलंकारही ठरू शकते आणि दोषही. निकष शब्दाच्या झळाळीत नाही; वाक्यातील त्याच्या अपरिहार्यतेत आहे.

हा निकष मराठीला लावून पाहावा. ‘रम्य’, ‘मनोहर’, ‘विलोभनीय’ ही विशेषणे वस्तू दाखवीत नाहीत. वस्तूविषयीचा लेखकाचा निर्णय तेवढा कळवितात. याउलट ‘हिरवागार’मध्ये रंगाला स्पर्शाची जोड मिळते, ‘पिवळाधमक’, ‘लालबुंद’, ‘काळाकुट्ट’ ही तर मराठीची खास ऐंद्रिय संपत्ती. परंतु रान म्हटले की हिरवेगार आणि रात्र म्हटली की काळीकुट्ट, अशी सवय जडली की हे शब्दही अपुष्टच होतात. देशीपणा ही जिवंतपणाची हमी नव्हे. मात्र करपलेल्या शिवारात विहिरीकाठचा एकच उंबर ‘हिरवागार’ म्हटला, तर तेच विशेषण जमिनीखालच्या ओलाव्याची आणि भोवतालच्या अभावाची जाणीव एकदम करून देते. तेथे ते गाळता येत नाही.

विशेषणांवाचूनही वर्णन समृद्ध होते, याची साक्ष व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) देते. तेथील दुष्काळाची तीव्रता प्रामुख्याने माणसांच्या आणि मेंढरांच्या हालचालींतून, म्हणजे नामांतून व क्रियापदांतून, जाणवते. त्यामुळे जे थोडे विशेषण येते, त्याला वजन लाभते.

हा प्रश्न केवळ सर्जनशील लेखनाचा नाही. ‘तरल’ कविता, ‘सशक्त’ कथा, ‘प्रत्ययकारी’ चित्रण ही मराठी समीक्षेची चलनी विशेषणे आहेत. कवितेच्या कोणत्या शब्दयोजनेमुळे ती तरल ठरते, हे न सांगता समीक्षक विशेषणावर थांबतो, तेव्हा विश्लेषणाची जागा निर्णय घेतो आणि वाचकाचा पडताळ्याचा अधिकार हिरावला जातो. विद्यार्थ्याच्या निबंधातील अपुष्ट विशेषणावर लाल रेघ ओढणाऱ्या समीक्षेने तीच रेघ आधी स्वतःच्या वाक्यांवर ओढून पाहणे अगत्याचे आहे.