दोन सिमकार्डे, पण फोन एकच

दोन सिमकार्डांचा मोबाइल म्हणजे एका फोनात दोन फोन, असे समजावून सांगण्याची पद्धत रूढ झाली आहे. जाहिराती, दुकानदार आणि मोबाइलची ‘सोप्या भाषेत’ माहिती देणारे लेख या सर्वांचा सूर साधारण हाच असतो. वाक्य सुटसुटीत आहे आणि चटकन पटते. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र ते तीन ठिकाणी अडचणीत येते. सिमकार्ड म्हणजे काय याची चुकीची कल्पना ते देते, फोनच्या आत काय चालते ते झाकून टाकते, आणि मोबाइल वापरणाऱ्या माणसांच्या मोजदादीतही घोळ घालते. हे यंत्र आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी आहे. म्हणून या स्पष्टीकरणाची तपासणी वर्गात व्हायला हवी.

सिम म्हणजे फोन नव्हे

सिम हे ‘सब्स्क्रायबर आयडेंटिटी मॉड्यूल’ या नावाचे संक्षिप्त रूप आहे. ग्राहकाची ओळख पटवणारा भाग, असा त्याचा अर्थ. म्युनिक येथील गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने १९९१ मध्ये फिनलंडच्या राडिओलिन्या या मोबाइल कंपनीला पहिली ३०० सिमकार्डे पुरवली. यामागची कल्पना साधी पण महत्त्वाची होती. ग्राहकाची ओळख यंत्रापासून वेगळी काढायची, म्हणजे यंत्र बदलले तरी ग्राहक तोच राहतो.

नेमकी हीच कल्पना सोप्या लेखांतून निसटते. ‘सिममध्ये आपला मोबाइल नंबर आणि मित्रांचे नंबर साठवलेले असतात’ एवढे सांगून ते पुढे जातात. नंबर कार्डावर नोंदवून ठेवता येतात हे खरे. पण कार्डाचे मुख्य काम ते नाही. कार्डात दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे ग्राहकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. तो जास्तीत जास्त १५ अंकी असतो आणि त्याचे पहिले तीन अंक देश दाखवतात. भारतातील कार्डांवर ते बहुधा ४०४ किंवा ४०५ असतात. दुसरी गोष्ट म्हणजे १२८ बिटांची गुप्त किल्ली. फोन जाळ्यात येऊ पाहतो तेव्हा कंपनी त्याला एक यदृच्छ संख्या पाठवते. कार्ड ती संख्या आणि किल्ली यांवरून एक उत्तर काढते. कंपनीही स्वतःकडच्या किल्लीने तेच गणित करते. दोन्ही उत्तरे जुळली की ओळख पटली. या सगळ्या व्यवहारात किल्ली कार्डाबाहेर येतच नाही.

मग आपला दहा अंकी नंबर कोठे असतो? कंपनीच्या नोंदीत. तेथे तो ओळख क्रमांकाशी जोडलेला असतो. कार्ड हरवले तर नवे कार्ड घेऊन जुना नंबर चालू ठेवता येतो, हाच याचा पुरावा. नंबर कार्डातच असता तर कार्डाबरोबर तोही गेला असता. विद्यार्थ्यांना हा तर्क स्वतः करू द्यावा.

तेव्हा दोन सिमचा फोन म्हणजे दोन ओळखपत्रे बाळगणारे एक यंत्र. दोन ओळखपत्रे खिशात असली म्हणून माणसे दोन होत नाहीत.

एक रेडिओ दोन ठिकाणी कसा थांबतो?

बहुसंख्य दोन-सिम फोनांत दोन्ही कार्डे एकच रेडिओ वाटून घेतात. तरीही दोन्ही नंबरांवर फोन येऊ शकतात. हे कसे, याचे उत्तर या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे, आणि ‘दोन फोन’ म्हटले की तोच वगळला जातो.

आपण बोलत नसतो तेव्हा फोन सतत ऐकत नाही. तसे केले तर बॅटरी लवकर संपेल. टॉवर प्रत्येक फोनसाठी हाक मारण्याची वेळ ठरवून देतो. ४जी जाळ्यात ही पाळी ०.३२, ०.६४, १.२८ किंवा २.५६ सेकंदांनी येईल अशी ठेवता येते. फोन त्या क्षणी जागा होतो, काही मिलिसेकंद कानोसा घेतो आणि पुन्हा स्वस्थ होतो. दोन हाकांमधला बहुतेक सगळा वेळ रेडिओ मोकळाच असतो. त्याच मोकळ्या वेळात तो दुसऱ्या कार्डाच्या जाळ्याकडे वळून तेथील हाक ऐकून येतो.

एका शिपायाला दोन कार्यालयांची हाक ऐकायची आहे आणि दोन्ही कार्यालये आपापल्या ठरल्या क्षणीच हाक मारतात, अशी कल्पना करावी. शिपाई त्या त्या क्षणी त्या त्या दाराशी उभा राहतो. परंतु एका कार्यालयाने त्याला आत कामाला लावले, की दुसऱ्याची हाक वाया जाते. फोनचेही तसेच होते. बोलणे सुरू झाले की रेडिओला उसंत उरत नाही. जुन्या जीएसएम पद्धतीत फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा टॉवरकडे आपला संदेशाचा तुकडा पाठवतो. (असा फोन ध्वनिक्षेपकाजवळ ठेवला असता जी घरघर ऐकू येते ती याचीच.) या काळात दुसऱ्या कार्डाला आलेली हाक ऐकली जात नाही.

खोक्यावर ‘ड्युअल स्टँडबाय’ असे शब्द असतात. ते प्रामाणिक आहेत. दोन्ही कार्डे वाट पाहत थांबतात, एवढेच ते सांगतात. दोन्हींवर एकाच वेळी बोलता येईल असे सांगत नाहीत. नोकियाने २०१० मध्ये जाहीर केलेल्या दोन स्वस्त फोनांची तुलना येथे उपयोगी पडेल. सी१-०० मध्ये दोन कार्डे बसत, पण एका वेळी एकच चालू राही. कळ दाबून धरून कार्ड बदलावे लागे. सी२-०० मध्ये मात्र दोन्ही कार्डे एकाच वेळी वाट पाहू शकत. ‘एका फोनात दोन फोन’ हे वर्णन दोघांनाही सारखेच लावले जाईल, आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दोन रेडिओ असलेले फोनही निघाले आहेत. त्यांत दोन्ही नंबर बोलतानाही जिवंत राहतात. अलीकडच्या काही फोनांत दुसऱ्या नंबरचा कॉल पहिल्या कार्डाच्या इंटरनेटवरून किंवा वायफायवरून घेता येतो. अर्थात कंपनीची तशी सोय असावी लागते. शिवाय मोबाइल कंपनीच्या बाजूने पाहिले तर एका अर्थी फोन दोन आहेतच, कारण दोन-सिम यंत्राला १५ अंकी आयएमईआय क्रमांकही दोन दिलेले असतात. म्हणजे वर्णन कोठून पाहता यावर अवलंबून आहे. हे न सांगणे हा सोप्या लेखांचा दोष.

‘संपर्कक्षेत्राबाहेर’ म्हणजे काय?

या दोषाची किंमत प्रत्यक्ष मोजावी लागते. एका कार्डावर बोलणे चालू असताना कोणी दुसऱ्या नंबरवर फोन केला, तर त्याला बहुधा ‘बंद आहे किंवा संपर्कक्षेत्राबाहेर आहे’ अशी सूचना ऐकू येते. फोन करणाऱ्याचा समज होतो, की समोरच्याने मुद्दाम फोन बंद ठेवला. वास्तविक यंत्रणेला एवढेच कळलेले असते, की हाक मारली आणि उत्तर आले नाही. पुढचे सगळे अनुमान आहे. निरीक्षण आणि अनुमान यांतील फरक शिकवायला याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

शाळेने पालकांना तातडीच्या प्रसंगासाठी दिलेला नंबर जर अशा फोनातले दुसरे कार्ड असेल, तर नेमक्या गरजेच्या वेळी तो लागणार नाही. त्यासाठी स्वतंत्र फोन ठेवावा, किंवा नंबर लागत नसेल तेव्हा कॉल अन्य नंबरकडे वळवण्याची सोय करून घ्यावी. ‘दोन फोन’ या कल्पनेवर विसंबलेल्या माणसाला ही काळजी घ्यावीशी वाटणार नाही.

दोन कार्डे लागलीच का?

सोप्या लेखांत याचे उत्तर ‘सोय’ या एका शब्दात दिलेले असते. ते अपुरे आहे. फिनलंडच्या बेनेफोन कंपनीने २००० मध्ये ‘ट्विन’ नावाचा दोन-सिम फोन काढला होता. भारतात असे फोन घरोघर पोचले त्याला मात्र आपल्या दूरसंचार व्यवस्थेची रचना कारणीभूत होती. देशाचे २२ परवाना-विभाग होते. मुंबई हा एक विभाग, आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरा. मुंबईचे कार्ड पुण्याला नेले की साधारणपणे रोमिंगचा आकार पडे. शिवाय एकाच कंपनीच्या ग्राहकांना आपसांत स्वस्त दर मिळत. दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात कॉल पोचवला की पहिल्या कंपनीला मिनिटामागे शुल्क द्यावे लागे. ते ऑक्टोबर २०१७ मध्ये १४ पैशांवरून ६ पैशांवर आले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. दोन कार्डे ही सामान्य ग्राहकाने दरपत्रकाला दिलेली तोड होती. आता दरांची कारणे बरीचशी मावळली आहेत. घाटात किंवा आडगावात एका कंपनीचा टॉवर नसला तर दुसरीचा मिळावा, किंवा कामाचा नंबर वेगळा असावा, ही कारणे उरली आहेत. तंत्रज्ञानाची गोष्ट सांगताना समाजाची बाजू गाळली की ती अर्धवट राहते.

माणसे किती, कार्डे किती?

भारतातील मोबाइल जोडण्यांची संख्या २०१५ मध्ये १०० कोटींवर गेली. याचा अर्थ १०० कोटी भारतीयांकडे मोबाइल आला, असा होत नाही. मोजल्या जातात त्या जोडण्या. दूरसंचार नियामक प्राधिकरण ‘प्रत्यक्ष चालू’ जोडण्यांचा आकडाही प्रसिद्ध करते; पण दोन-सिम फोनातली दोन्ही कार्डे जाळ्यात हजर असतात, म्हणून तेथेही एक माणूस दोनदा मोजला जातो. ‘शंभरातल्या इतक्या लोकांकडे फोन’ असे वाचून आपण फोन नसलेल्यांना विसरतो, हा यातला खरा धोका.

जून २०२४ मध्ये नंबरांच्या नियोजनावर नियामकाने चर्चापत्र काढले, तेव्हा दुसऱ्या सिमसाठी ग्राहकाला पैसे भरावे लागणार अशा बातम्या पसरल्या. नियामकाने १४ जून रोजी त्या निराधार ठरवल्या. नंबर ही मर्यादित संपत्ती आहे हा त्यातला मूळ विषय बाजूलाच राहिला. ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा अंकी नंबर जास्तीत जास्त किती, हे विद्यार्थी सहज काढतील: ४०० कोटी.

वर्गात करून पाहावे

प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील माणसे, फोन आणि सिमकार्डे यांच्या तीन वेगळ्या संख्या आणाव्यात व वर्गाची बेरीज करावी. तीन आकड्यांत किती तफावत पडते ते फळ्यावर दिसेल. दुसरा प्रयोग तीन फोनांचा. दोन-सिम फोनावरून एका कार्डाने बोलत राहावे आणि तिसऱ्या फोनावरून त्याच्या दुसऱ्या नंबरला फोन करावा. काय ऐकू आले ते शब्दशः लिहावे. इंटरनेट व वायफाय चालू आणि बंद ठेवून प्रयोग पुन्हा करावा. वेगवेगळ्या फोनांवर उत्तरे वेगळी येतील. ती एकसारखी करण्याची घाई शिक्षकांनी करू नये. कोणत्या फोनात आत काय असावे, याचा अंदाज विद्यार्थ्यांनाच बांधू द्यावा.