वाकडी रेषा आणि खेळाचे पाहणे

मासाआकी युआसा यांची 'पिंग पाँग' (२०१४) ही ११ भागांची जपानी चलच्चित्र-मालिका ताइयो मात्सुमोतो यांच्या चित्रकथेवर आधारलेली आहे. तिच्याविषयीच्या प्रेक्षक-प्रतिक्रियांत एक ठरीव क्रम आढळतो: आधी 'चित्रे ओबडधोबड आहेत' ही तक्रार, आणि काही भागांनंतर तिचा परित्याग. हा क्रम रुचिसंस्काराचा पुरावा मानण्याची प्रथा सोयीची असली तरी अपुरी आहे. येथे बदलते ते पाहण्याचे एकक. थांबलेल्या चित्रात लांबलेला हात सदोषच दिसतो. चेंडूच्या वेगाशी जोडला गेला की तोच हात अर्थपूर्ण होतो.

धाराशिवच्या खो-खो मैदानावरील प्रेक्षकाला हे शिकवावे लागत नाही. सारिका काळे (२०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या भारतीय संघाच्या कर्णधार, २०२०च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी) याच जिल्ह्यातल्या. आक्रमकाला खांबापर्यंत गेल्याशिवाय दिशा बदलता येत नाही, संरक्षकाला मात्र सर्व दिशा मोकळ्या. या विषम नियमामुळे हुलकावणी देणारे शरीर क्षणोक्षणी तिरके होते, मोडते. छायाचित्रात ते बेढब दिसते, मैदानावर तशी तक्रार कुणी करीत नाही. याउस यांचे 'अपेक्षाक्षितिज' पूर्वी वाचलेल्या कृतींइतकेच अशा सवयींनीही घडते, असे म्हणावे लागेल. युआसांच्या रेषेला नाक मुरडणाऱ्याला अरसिक ठरवण्याची घाई म्हणूनच अनाठायी; तो खेळ पाहायला बसलाच नव्हता.

मालिका पडद्याचे चित्रकथेसारखे तुकडे पाडते तेव्हा मात्र हा खुलासा पुरत नाही. तेथे मैदानाला सरावलेला डोळाही अडखळतो; मैदानावर एकच क्षण चार बाजूंनी एकदम दिसत नाही.