छावणीतले पाहुणे आणि बुणगे

दसरा म्हणजे एकेकाळी मोहिमेवर निघण्याचा मुहूर्त. आज कोल्हापूरच्या दसरा चौकात आपण सीमोल्लंघनाचा सोहळा पाहायला गर्दी करतो. लष्करी थाट पाहण्याची अशीच हौस अठराव्या शतकातल्या लंडनकरांना होती आणि तिथल्या व्यंगचित्रकारांनी तिची यथेच्छ टर उडवली.

१७७८ साली फ्रान्स इंग्लंडविरुद्ध युद्धात उतरला. स्वारीच्या धास्तीने केंट परगण्यात कॉक्सहीथ येथे मोठी छावणी पडली. लोक ती पाहायला सहलीला जावे तसे जाऊ लागले. डेव्हनशरच्या डचेसने तर लष्करी धाटणीचा पोशाख चढवला. त्याच वर्षी शेरिडनचे ‘द कॅम्प’ रंगभूमीवर आले. पुढच्या वर्षी हेन्री बनबरीचे ‘अ व्हिजिट टू द कॅम्प’ हे चित्र छापले गेले. बनबरी स्वतः मिलिशियातला अधिकारी. त्याच्या चित्रात हसे होते ते पाहुण्यांचे.

हा विनोद एका रेषेवर उभा आहे : तंबूत शिपाई, बाहेर नागरिक. मराठी छावणीत ही रेषाच नव्हती. वाणी, सराफ, बायकापोरे, यात्रेकरू सारेच लष्कराबरोबर चालत. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटनची पत्रे १८१३ साली लंडनला छापली गेली, देशी चित्रकाराच्या रंगीत चित्रांसह. तिथे दिसते ते चालते शहर. त्यात पाहुणा असा एकच, लिहिणारा साहेब.

या बिनलढाऊ माणसांसाठी मराठीत शब्द आहे ‘बुणगे’. मूळ अर्थ लष्करामागचा लवाजमा. पुढे ‘बाजारबुणगे’ ही शिवी झाली. पानिपताची चर्चा निघाली की पराभवाचे खापर हमखास त्यांच्यावर फुटते. यात्रेकरूंच्या पोटाचा भार फौजेवर पडला, हे खरेच. पण फौजेची रसद चालवणारेही बिनलढाऊच होते. डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीची रसद तोडताना मारले गेलेले गोविंदपंत बुंदेले मूळचे वसुली पाहणारे कारभारी. त्यांना कोणत्या रांगेत बसवायचे?

बनबरीची थट्टा कोणाच्या जिवावर बेतली नाही. त्याचे पाहुणे संध्याकाळी घरी परतले. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी बुणग्यांना परतायला छावणीच उरली नव्हती. त्यांच्यावर शिवी तेवढी उरली आणि आपण ती अजून सहज वापरतो.