‘चालतं’ आणि ‘चालत नाही’

निवृत्तीनंतर मी साताऱ्याहून सांगली-मिरजेकडे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांशी बोलायला अधूनमधून जातो. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात नीतिमूल्यं आणि संवाद यांचे तास आले, ही चांगली गोष्ट झाली. पण एका महाविद्यालयात मी या तासाची एक स्लाईड पाहिली. मथळा ‘इस्लामी दृष्टिकोन’, खाली दोन रकाने : चालतं, चालत नाही. माझी टीका या रकान्यांवर आहे.

अवयवदान ‘चालत नाही’मध्ये होतं. वस्तुतः जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली काही अटींवर प्रत्यारोपणाला मान्यता दिली. आपल्या उपखंडातल्या अनेक हनफी विद्वानांनी मात्र विरोध केला. देह ही अल्लाहची अमानत, ती परस्पर कशी देणार, हा त्यांचा सवाल. म्हणजे मतभेद आहे, आणि तोच तर शिकवायचा! गझालींनी शरियतचे पाच हेतू मांडले : धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता यांचं रक्षण. एकीकडे जीव वाचवायचा, दुसरीकडे मृतदेहाचा मान राखायचा. हा तोल कसा सांभाळायचा, यावर विद्वान भांडले. नीतिशास्त्र त्या भांडणात आहे. स्लाईडवर उरतो फक्त निकाल, तोही अर्धा.

दुसरा दोष मोठा आहे. रकाना रुग्णाचं नाव वाचून उत्तर देतो. हमीद दलवाई १९७७ साली मूत्रपिंडाच्या विकाराने गेले. धार्मिक विधी न करता आपलं दहन व्हावं, ही त्यांची इच्छा होती. केसपेपरवरचं नुसतं नाव वाचून हे कुणाला कळलं असतं? उलट मधुमेह असलेल्या एखाद्या आजीला, आजाऱ्याला रोजातून सूट आहे हे पक्कं ठाऊक असतं. तरी ती रोजा धरते. तिला धर्म शिकवू नका. धोका स्पष्ट सांगा, आणि मग औषधाच्या वेळा तिच्याशी बोलून ठरवा.

एका मुलीने विचारलं, “सर, ओपीडीत एवढा वेळ कुठाय?” प्रश्न रास्त आहे. पण चुकीच्या समजुतीने संमतीच न विचारणं, यात वेळ वाचतो आणि कुणाचं तरी मूत्रपिंड मात्र हुकतं.

आणि हो, असे रकाने मीही कित्येक वर्षं फळ्यावर काढले. परीक्षेला सोपे जातात. पण रुग्णाशी बोलायची वेळ आली की कामाला येत नाहीत.